रक्त कोणाचे तपासावयाचे?

‘आपले शरीर ओळखा, आपले आयुष्य आपणच ठरवा’ असा एक नवा उपदेश सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कानी सध्या सतत पडत आहे. त्याचा आशय असा की, आजार होण्याची वाट पाहू नये. यकृत, मूत्रपिंडे, आतडी, ग्रंथी यांचे कार्य कसे चालले आहे, हे प्रयोगशाळेतून वरचेवर मोजून घ्यावे आणि त्या आकड्यांच्या आधारे काय खावे, केव्हा झोपावे, कोणत्या गोळ्या घ्याव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. ‘फंक्शनल’ तपासण्या या भारदस्त नावाखाली साठ, सत्तर, ऐंशी घटकांची ‘पॅकेजे’ विकली जातात. ही लाट मुंबई-पुण्याहून अमरावतीस येऊन बरीच वर्षे लोटली. महामार्गावरच्या आमच्या नांदगाव पेठेतही मोटरसायकलवरून येऊन घरच्या घरी रक्त घेऊन जाणारा तरुण आता कोणास नवा वाटत नाही.

ज्या सकाळी हा तरुण निवृत्तिवेतनधारकांच्या ओसरीवर बसून रक्त काढीत असतो, त्याच सकाळी गावाबाहेर पाठीवर पंप घेऊन मजूर कपाशीत शिरत असतो. श्रावण-भाद्रपदात पऱ्हाटी माणसाच्या छातीएवढी वाढलेली असते. फवारलेले विष पानांवर पडते तसे त्याच्या अंगावरही पडते. त्या माणसाच्या रक्ताची एक तपासणी अशी आहे की, ती खरोखरच शरीराचे कार्य मोजते, जीवनमरणाचा निर्णय करण्यास उपयोगी पडते आणि शास्त्राने ती कित्येक दशके मान्य केलेली आहे. पण ती त्याच्या वाट्यास येत नाही. ज्याला तपासणीची गरज कमी त्याला सत्तर तपासण्या आणि ज्याला एकीची निकड त्याला एकही नाही, ही विसंगती अपघाताने निर्माण झालेली नाही. तिच्यामागे एक अर्थकारण आहे आणि त्या अर्थकारणास शोभणारी एक विचारसरणीही आहे. त्या दोहोंचा समाचार घेणे अवश्य आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा विरोध प्रयोगशाळेस नाही. मधुमेहाच्या रोग्यास तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळणे, गर्भवतीचे हिमोग्लोबिन मोजणे, मेळघाटातील मुलाची सिकलसेलसाठी तपासणी होणे, या गोष्टी विज्ञानाने सामान्य माणसास दिलेल्या देणग्या आहेत. जी तपासणी पुढील कृतीशी बांधलेली असते, तिचा निकाल काहीही लागो, तिचा उपयोगच होतो. प्रश्न उद्भवतो तो तपासणी ही स्वतःच विकाऊ वस्तू होते तेव्हा. मग निकालाने रोग्याचे काय व्हावे हा विचार मागे पडतो आणि पुढील तपासणी कशी खपेल हा विचार पुढे येतो.

येथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सर्वसाधारण मर्यादा’ म्हणून जे दोन आकडे छापलेले असतात, ते बहुधा अशा रीतीने ठरविलेले असतात की, निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्या मर्यादेत यावेत. याचा सरळ अर्थ असा की, पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभर माणसांपैकी पाच जण कोणत्याही एका तपासणीत मर्यादेबाहेर जाणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचा अहवाल सर्वस्वी निर्दोष येण्याची शक्यता उरते सुमारे ३६ टक्के. सत्तर केल्या तर ती तीन टक्क्यांच्याही खाली जाते. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी काही अंशी निगडित असतात, त्यामुळे आकडे थोडे सौम्य होतील. पण निष्कर्ष बदलत नाही. पुरेशा तपासण्या केल्या की निरोगी माणूस शिल्लकच राहत नाही. त्याच्या अहवालावर लाल अक्षरात एखादा आकडा उमटतोच. त्या आकड्यातून भय, भयातून दुसरी तपासणी, दुसरीतून तज्ज्ञाची भेट आणि भेटीतून गोळ्यांची बाटली जन्मास येते. पुरवठाच मागणी निर्माण करतो, याचे इतके निर्मळ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्यास सर्व माहीत असते आणि घेणाऱ्यास काहीच माहीत नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली दाखवून दिले होते. साठ वर्षांनंतर आपण तोच धडा स्वतःचे रक्त देऊन पुन्हा शिकत आहोत.

बरे, एवढे करून निष्पन्न काय होते? निरोगी प्रौढांच्या सरसकट आरोग्य-तपासण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केला व २०१९ साली तो अद्ययावत केला. सतरा चाचणी-अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक माणसे त्यात होती. अशा सरसकट तपासण्यांनी एकूण मृत्यूंचे प्रमाण वा कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘कोणते अन्न तुम्हास सोसत नाही’ हे सांगण्यासाठी ज्या प्रतिपिंडांची महागडी तपासणी विकली जाते, ती रोगनिदानास निरुपयोगी आहे, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच बजावले. तसली प्रतिपिंडे नेहमीचे अन्न खाणाऱ्या निरोगी माणसातही आढळतातच. निरोगी प्रौढांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी उठसूट मोजू नये, असा सल्ला अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिला. पण हे सल्ले जाहिरातीत छापले जात नाहीत.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याने कसाही खर्चावा. आपणास काय त्याचे? पण हा खर्च केवळ खाजगी राहिलेला नाही. २०१२ सालच्या अर्थसंकल्पाने प्रतिबंधक आरोग्य-तपासणीच्या खर्चापोटी ५,००० रुपयांपर्यंत आयकरात वजावट दिली. ज्याचे उत्पन्न कराच्या कक्षेत येते त्यालाच ही सवलत. म्हणजे सरकारी तिजोरीतून सोडून दिलेल्या रकमेवर सुखवस्तू वर्गाच्या रक्ताची मोजदाद होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य-लेख्यांप्रमाणे, म्हणजे करोनाच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोक स्वतःच्या खिशातून उचलीत होते. हा खिसा मजुराचाही आहे, हे विसरून चालणार नाही.

अर्थकारण झाले, आता विचारसरणीकडे वळू. ‘जीवनशैली’ हा शब्द आपल्या भाषेत रुळला आणि त्याबरोबर एक समजूतही रुळली. माणूस आजारी पडतो तो त्याच्या सवयींमुळे, आणि बरा होईल तोही सवयी बदलून. या समजुतीत अर्धे सत्य आहे, म्हणूनच ती घातक आहे. ज्यास निवड करता येते त्याच्या बाबतीत ती खरी. पण शैली असण्यास आधी निवड हाती असावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पाहा. दर्यापूर-भातकुलीपासून अकोट-तेल्हाऱ्यावरून संग्रामपूर-जळगाव जामोदपर्यंत भूगर्भातले पाणी खारे आहे. तेथील गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. तेथील माणसाने आपले क्रिएटिनिन मोजून घ्यावे, हे ठीकच आहे. पण मूत्रपिंडाची कार्यशक्ती बहुधा निम्म्यावर आल्याखेरीज तो आकडा नीटसा बोलत नाही. आणि बोलला तरी पुढे काय? ‘भरपूर शुद्ध पाणी प्या’ हा सल्ला त्यास द्यावयाचा, तर ते पाणी आणावयाचे कोठून? तेथे उत्तर नळयोजनेत आहे, धरणाच्या पाण्याच्या वाटपात आहे, जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात आहे. गावाचा रोग प्रत्येकाच्या स्वतंत्र अहवालात वाटून टाकला की, गावाने एकत्र येऊन पाणी मागण्याचे कारणच उरत नाही. व्यक्तिगत तपासणीच्या या पंथाचा सर्वांत मोठा अपराध हाच आहे. तो सार्वजनिक गाऱ्हाण्याचे खाजगी काळजीत रूपांतर करतो.

हेच अधिक भीषण रूपात यवतमाळने पाहिले. २०१७ सालच्या फवारणीच्या हंगामात त्या एका जिल्ह्यात अधिकृत गणनेप्रमाणेही २० हून अधिक शेतकरी व मजूर कीटकनाशकांच्या विषबाधेने दगावले. शेकड्यांनी रुग्णालयात दाखल झाले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमावे लागले. शेतकऱ्यांनी व मजुरांनी खबरदारी घेतली नाही, हा ठपका त्या वेळी ठळकपणे पुढे आला. म्हणजे पुन्हा सवयीचा दोष! भर उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा, हातमोजे व तोंडावर मुखवटा चढवून आठ तास पंप ओढणे शक्य आहे काय, हे ठपका ठेवणाऱ्यांनी एकदा करून पाहावयास हवे होते. आणि त्याच वेळी दुसरीही गोष्ट उघडकीस आली. विषबाधेची तीव्रता ओळखण्यास जी रक्ततपासणी लागते, ती यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात त्या हंगामात उपलब्ध नव्हती.

या तपासणीचे नाव कोलिनेस्टरेज. मज्जातंतूंतून निरोप वाहून नेणारे एक रसायन शरीरात असते. निरोप पोहोचला की त्या रसायनाचा निचरा करणारे एक विकर असते, तेच कोलिनेस्टरेज. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या विकरास बांधून टाकतात. मग निरोप थांबत नाही. घाम, लाळ, अंधुक दृष्टी, मळमळ, स्नायूंची थरथर अशी लक्षणे एकामागून एक उमटत जातात आणि शेवटी श्वास कोंडतो. पण हे एकदम घडते असे नाही. रोज थोडे थोडे विष अंगात मुरत जाते, विकराची पातळी खाली खाली येते आणि माणूस मात्र वरून धडधाकट दिसतो. आणखी आठवडाभर फवारले की तो कोसळतो. तो धडधाकट दिसत असतानाच त्याचे रक्त हा ऱ्हास सांगू शकते. शिवाय ही पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, म्हणून प्रत्येकाची मूळ पातळी हंगामापूर्वी मोजून ठेवावी लागते आणि पुढील आकडे तिच्याशीच ताडावे लागतात. ‘प्रत्येकाचे शरीर वेगळे, म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी’ असा घोष करणाऱ्यांनी पाहावे, त्यांचे तत्त्व खऱ्या अर्थाने लागू पडते ते येथे, पऱ्हाटीत उभ्या असलेल्या माणसाला.

ही कल्पना काही स्वप्नाळू समाजवाद्याची नव्हे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी विषे नियमित हाताळणाऱ्या शेतमजुरांवर वैद्यकीय देखरेख १९७४ सालापासून बंधनकारक आहे. तेथील नियम असा की, कोलिनेस्टरेज मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेले तर मालकाने कामाच्या पद्धतीची चौकशी करावयाची. रक्तपेशींतील पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील पातळी ६० टक्क्यांवर आली, तर त्या मजुरास विषाच्या कामावरून दूर करावयाचे. पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत त्याला त्या कामावर घ्यावयाचे नाही. या नियमाचे मर्म ध्यानात घ्यावे. रक्त मजुराचे तपासले जाते, पण सवय बदलावी लागते मालकाला. तपासणीचा निकाल तेथे व्यक्तीला उपदेश करीत नाही, कामाच्या व्यवस्थेला जाब विचारतो.

आपल्या देशात काय आहे? आश्चर्य असे की, कायदा आहे. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे दगावली. त्यातून चौकशी, समित्या आणि अखेर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याखालील १९७१ च्या नियमावलीतील ३७ वा नियम सांगतो की, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त वा कार्बामेट विषे तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांचे कोलिनेस्टरेज दरमहा मोजले पाहिजे. फवारणीच्या कामावर नेमलेल्यांची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी व नंतर वर्षातून एकदा झाली पाहिजे, असेही तो सांगतो. परंतु त्याच कायद्याच्या ३८ व्या कलमात एक दार उघडे ठेवले आहे. स्वतःच्या घरात, परसबागेत वा स्वतःच्या वहितीच्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्यास हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्यास खटल्यांच्या जाचातून वाचविण्याचा हेतू यामागे असेल. प्रत्यक्षात मात्र देशातले बहुतेक विष जेथे हवेत उडते, ते शेतच कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिले. जो विष बनवितो त्याच्या रक्ताची दरमहा मोजदाद, जो ते श्वासाबरोबर आत घेतो त्याच्या रक्ताची नाही! रोजंदारीवर आज या शेतात, उद्या त्या शेतात फवारणाऱ्या मजुराचा मालक कोण, हे विचारणारेही कोणी नाही. आमच्या गावच्या एका अंगास औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगास कपाशीची शेते. एकाच घरातला एक भाऊ कारखान्यात गेला तर त्याच्यासाठी निदान कागदावर आरोग्यतपासणी आहे. दुसरा भाऊ शेतात गेला तर कागदही नाही.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, सर्वच विषे या तपासणीत सापडत नाहीत. हे खरे आहे. यवतमाळच्या प्रकरणात गाजलेले डायफेन्थियुरॉन हे या वर्गातले नव्हे आणि शेतात मिश्रणे तर सर्रास वापरली जातात. पण एक चोर या सापळ्यात सापडत नाही म्हणून दुसऱ्यासाठीही सापळा लावू नये, हा युक्तिवाद कोणता? दुसरा आक्षेप खर्चाचा. ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ प्रकारच्या तपासण्या मोफत असाव्यात, असे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. रक्ताचे नमुने गावातून प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था उभी आहे. ती कपाशीच्या चार महिन्यांत एका विकरासाठी वापरणे ही अवघड गोष्ट नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून तो मजुराच्याच तोंडून येईल: ‘पातळी खाली आली म्हणून काम बंद केले, तर माझ्या चुलीचे काय?’ या प्रश्नास उत्तर दिल्यावाचून तपासणीची मागणी करणे म्हणजे मजुराचा रोजगार हिरावून घेणे होय. उत्तर असे की, ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्याच महाराष्ट्राने विषामुळे फवारणी सोडावी लागणाऱ्या मजुरास तेवढ्याच मजुरीचे बिनविषारी काम द्यावे. ते देता येत नसेल, तर तेवढ्या दिवसांची मजुरी भरून द्यावी. तपासणी आणि मजुरीचे संरक्षण या दोन मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

म्हणून साथींनी आपापल्या तालुक्यात पुढील मागण्या घेऊन उभे राहावे, अशी विनंती आहे. खरिपाच्या फवारणीपूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी मजुरांची नोंद करून त्यांचे मूळ कोलिनेस्टरेज मोजावे आणि हंगाम संपेपर्यंत दरमहा ते पुन्हा तपासावे. अट्रोपिनसारख्या उताऱ्यांचा साठा तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत असावा. गावातील आकडे, नावे वगळून, ग्रामसभेपुढे यावेत. कोणत्या औषधाने किती जणांची पातळी खाली आली हे गावाला कळले, की ते औषध विकणाऱ्या दुकानदारास आणि कंपनीस प्रश्न विचारण्याचे बळ गावाला येईल. (विषालाच आपण ‘औषध’ म्हणत आलो, हीही जाहिरातीचीच करामत.) आणि १९६८ चा कायदा बदलला जाईल तेव्हा ३८ व्या कलमातील दार मजुरापुरते तरी बंद झाले पाहिजे. मोर्शी-वरुडच्या संत्राबागांतील व दर्यापूर-अकोटच्या कपाशीतील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी निवेदने तयार ठेवली, तर हे काम अशक्य नाही.

सुखवस्तू मित्रांसही एक सांगणे आहे. ज्या तपासणीचा निकाल काहीही आला तरी तुम्ही जे करणार आहात तेच करणार असाल, ती तपासणी करू नका. वैद्याने कारण सांगून सुचविली तर अवश्य करा. उरलेल्या पैशाचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा. पण उरलेल्या काळजीतला थोडा भाग शेजारच्या शेतातल्या माणसाकडे वळवा. तो तुमच्या गादीतला कापूस पिकवीत आहे. त्याच्या रक्तातला आकडा आज कोणाजवळच नाही. तो मिळविणे आणि त्याचा जाब सरकारला विचारणे, हे काम आपले आहे.